पाटीवरचं 'अँग्लो' आणि बोरीबंदरसमोरची शाळा

मागच्या वर्षी आठवीच्या वर्गात एका मुलाने विचारलं, "सर, आपल्याकडे सगळे विषय उर्दूतून शिकवतात. इंग्रजीचा रोज एक तास. मग शाळेच्या पाटीवर 'अँग्लो उर्दू' का लिहिलंय?" प्रश्न अर्थातच त्याने उर्दूत विचारला होता, मी तो इथे मराठीत दिला आहे. मी उर्दू आणि मराठी शिकवतो. इतिहासाशी माझा संबंध बी.एड.च्या दुसऱ्या मेथडपुरता. "उद्या सांगतो," म्हणालो आणि वेळ मारून नेली. पण प्रश्न डोक्यातून जाईना. वीस वर्षं त्या पाटीखालून जातोय, आणि आपणही कधी हे विचारलं नाही याची जरा लाजच वाटली.

जळगाव, धुळे, भुसावळ, मालेगाव, कुठल्याही गावच्या मोहल्ल्यात जा. 'अँग्लो उर्दू हायस्कूल' हे नाव इतकं सरावाचं झालं आहे की ते एखाद्या आडनावासारखं वाटतं. त्याचा उगम इंग्रजी अमदानीतल्या शाळाखात्याच्या भाषेत आहे. ज्या शाळेत देशी भाषेच्या जोडीला इंग्रजी शिकवत, तिला 'अँग्लो व्हर्नाक्युलर' म्हणत. लोकांच्या तोंडी ती 'ए.व्ही. स्कूल' झाली. जुन्या मराठी माणसांच्या बोलण्यात ती नुसती 'इंग्रजी शाळा' असायची. मराठी चौथी झाली की इंग्रजी पहिली, मग दुसरी, तिसरी, असं करत सातवीला मॅट्रिक. म्हणजे आजची पाचवी ती तेव्हाची इंग्रजी पहिली. 'व्हर्नाक्युलर'च्या जागी उर्दू घातली की झालं अँग्लो-उर्दू.

माझे आजोबा, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, इंग्रजी तिसरीपर्यंत शिकलेले. जळगावच्या एका जिनात काट्यावर नोकरी करायचे. आयुष्यभर सही इंग्रजीत, हिशेब मराठीत, खत उर्दूत आणि भांडण अहिराणीत, कारण आजोळ धुळ्याकडचं. त्यांचे वडील म्हणायचे, इंग्रजी शिकला की पोरगा हातचा गेला. तरी त्यांनीच मुलाला त्या शाळेत घातलं, हेही खरं. दादा ही गोष्ट हसत सांगायचे. मला मात्र ती लहानपणी विसंगत वाटायची.

आपल्याविषयी एक वाक्य नेहमी ऐकू येतं. 'मुसलमानांनी इंग्रजी शिक्षणाकडे पाठ फिरवली म्हणून ते मागे पडले.' बाहेरचे म्हणतात, आपल्या सभांतूनही म्हटलं जातं. त्यात तथ्य नाही असं नाही. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ सुरू झालं, १८६२ मध्ये पहिले पदवीधर बाहेर पडले. त्यांत रानडे होते, भांडारकर होते, मुसलमान एकही नव्हता. पण पाठ फिरवणं वेगळं आणि दाराशी घुटमळणं वेगळं. दादांच्या वडिलांचं घुटमळणं मला नीट समजलं ते एका इमारतीपुढे उभा राहिल्यावर. ती इमारत आपल्या खानदेशात नाही, पण इथून जाणारी रेल्वे जिथे संपते तिथे आहे.

एका प्रशिक्षणासाठी मुंबईला गेलो होतो. रात्रीच्या गाडीने निघालो, पहाटे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरलो. आपण अजून व्हीटीच म्हणतो, दादा तर बोरीबंदर म्हणायचे. हाताशी दोन तास होते. स्टेशनाबाहेर येऊन दादाभाई नौरोजी रस्त्याच्या पलीकडे गेलो, की अंजुमन-ए-इस्लामची शाळा. या रस्त्याचं जुनं नाव हॉर्नबी रोड.

त्या शाळेचा आणि कापसाचा संबंध सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. १८६१ ते ६५ अमेरिकेत यादवी चालली, तिकडचा कापूस लँकेशायरला मिळेना, आणि भाव चढले आपल्या कापसाचे. त्या चार वर्षांत जळगाव कापसाची मोठी पेठ झालं, आणि लढाई संपून भाव कोसळले तेव्हा तितकंच होरपळलं. हा कापूस मुंबईच्या बंदरात उतरायचा. थळ घाटातून रेल्वे वर आली ती १८६५ मध्ये, त्याआधी बैलगाड्याच. मुंबईत त्या वर्षांत पैसा नुसता वाहिला. गव्हर्नर बार्टल फ्रियरने किल्ल्याचा जुना तट पाडायला घेतला आणि मोकळ्या जागेवर पुढच्या तीस वर्षांत एकेक दगडी इमारत उभी राहिली. विद्यापीठाचा राजाबाई टॉवर कापसाच्या सट्ट्यातले सम्राट प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतला. त्या मुंबईच्या पायात खानदेशी सरकी आहे असं मी वर्गात सांगतो. मुलं हसतात, पण विसरत नाहीत.

आता शाळेकडे. अंजुमनची स्थापना १८७४ ची. म्हणजे सर सय्यद अहमद खानांची अलीगढची शाळा सुरू झाली त्याच्या एक वर्ष आधीची. आपल्याकडे अलीगढचं नाव सगळ्यांना पाठ, हे साल मात्र कुणाला माहीत नसतं. पुढाकार बदरुद्दीन तय्यबजी, त्यांचे थोरले बंधू कमरुद्दीन, नाखुदा मुहंमद अली रोगे आणि मुनशी गुलाम मुहंमद यांचा. ही नावं जरा सावकाश वाचा. तय्यबजी हे सुलेमानी बोहरा, वडील खंबायतहून मुंबईत आलेले व्यापारी, घरची मूळ भाषा गुजराती. कमरुद्दीन हिंदी लोकांतले पहिले सॉलिसिटर. बदरुद्दीन आधी दादा मखरांच्या मदरशात, मग एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये, मग विलायतेत शिकले आणि १८६७ मध्ये मुंबई हायकोर्टातले पहिले हिंदी बॅरिस्टर झाले. रोगे हे कोकणी मुसलमान, जहाजांचे मालक. नाखुदा म्हणजे जहाजाचा कप्तान. यांच्यापैकी कुणाचेही पूर्वज दिल्लीच्या दरबारातून आलेले नव्हते. व्यापारी, दर्यावर्दी, एक मुनशी. उर्दू ही त्यांच्यातल्या बहुतेकांची आईची भाषा नव्हती, त्यांनी ती निवडली. तय्यबजी घराण्याने तर ठरवून घरातली गुजराती सोडून उर्दू धरली.

का? तर मुंबईतले मुसलमान एका भाषेचे नव्हतेच. बोहरे, खोजे, मेमन गुजराती-कच्छी बोलणारे. कोकणी आपली कोकणी-मराठी बोलणारे. दखनी, उत्तरेकडून आलेले जुलाहे आणखी वेगळे. एकत्र बसायचं तर एक भाषा हवी होती, ती उर्दू ठरली. पोट भरायचं तर दुसरी हवी होती, ती इंग्रजी. 'अँग्लो-उर्दू' या जोडनावाच्या मागे हा व्यवहार आहे, असं मला वाटतं. माझ्या विद्यार्थ्याला मी हेच उत्तर द्यायला हवं होतं.

शाळा १८८० मध्ये सुरू झाली. बोरीबंदरसमोर नव्हे, उमरखाडीत बाबुला टँकजवळ. सुरुवातीला शिक्षक तीन, मुलं एकशेवीस. दोन वर्षांनी हंटर कमिशन आलं तेव्हा बदरुद्दीन यांनी मुसलमानांच्या शिक्षणाविषयी त्यापुढे साक्ष दिली. मग स्वतःच्या इमारतीची खटपट. मे १८९० मध्ये गव्हर्नर लॉर्ड हॅरिसच्या हस्ते पायाभरणी झाली. (मुंबईतल्या शालेय क्रिकेटची हॅरिस शील्ड ती याच हॅरिसच्या नावाची. पुढे अंजुमनच्या पोरांनी त्या मैदानावर बरंच नाव काढलं. वसीम जाफर अंजुमनचाच.) १८९३ मध्ये इमारत उघडली.

जागा बघा कुठली. समोर व्हीटी स्टेशन, फ्रेडरिक स्टीव्हन्सने दहा वर्षं खपून १८८८ मध्ये पुरं केलेलं. पलीकडे त्याच स्टीव्हन्सची महापालिकेची इमारत, तीही १८९३ मध्येच पुरी झाली. जरा वर जे.जे. कलाशाळा. सगळ्या मुंबईची वर्दळ रोज ज्या तोंडाशी येते, तिथे अंजुमनने शाळा बांधली. भेंडीबाजारात नाही, डोंगरीत नाही. मोहल्ल्यातली शाळा मोहल्ल्याला दिसते. ही शाळा गाडीतून उतरणाऱ्या प्रत्येकाला दिसणार होती.

आराखडा जेम्स विलकॉक्स या इंग्रजाचा. शैलीला 'इंडो-सारसेनिक' म्हणतात. सारसेन हा युरोपातल्या मध्ययुगातला शब्द, अरबांसाठी आणि पुढे एकूणच मुसलमानांसाठी वापरलेला. इंग्रज स्थापत्यकारांनी मोगल, विजापुरी, गुजराती, राजपूत असे अनेक तुकडे उचलले आणि ते युरोपीय आराखड्यावर बसवले. मद्रासला चिझमने हे आधी केलं, बडोद्याच्या लक्ष्मीविलास राजवाड्यातही तेच आहे. मुंबई त्या वेळी गॉथिक शहर होतं. उभट निमुळत्या कमानी, कोरीव प्राणी, चर्चसारखी शिखरं. त्या गर्दीत अंजुमनची इमारत घुमट आणि मनोरे घेऊन उभी राहिली. पोस्टाची मोठी इमारत, गेटवे, वस्तुसंग्रहालय हे सगळे घुमट त्यानंतर वीसेक वर्षांनी आले.

मी पलीकडच्या फुटपाथवरून बराच वेळ पाहत होतो. खालून वर नजर नेली की एक गंमत कळते. वर्गखोल्या, जिने, खिडक्यांची रांग हा सगळा सांगाडा त्या काळच्या कुठल्याही इंग्रजी शाळेचा. उजेड आणि वारा हिशेबाने घेतलेला. कमानी आणि माथा मात्र आपला. म्हणजे अभ्यासक्रम होता तशीच इमारत. आत मॅट्रिकचं इंग्रजी, बीजगणित, आणि त्याच्या भोवती उर्दू, फारसी, दीनियात. दादांच्या वडिलांना जे हवं होतं ते हेच असणार. पोरगा इंग्रजी शिकावा, पण हातचा जाऊ नये. त्या घुमटाने मुंबईतल्या हजारो बापांना सांगितलं असेल की आत पाठवा, इथे मुलगा हरवणार नाही.

इथपर्यंत मला अभिमान वाटत होता. तो अजूनही आहे. पण त्या फुटपाथवर उभं असताना एक खटका बसला, तोही लिहितो.

हे घुमट नक्की कुणाचे? मुंबईच्या मुसलमानांचे तर नव्हेत. कोकणातल्या जुन्या मशिदी पहा, कौलारू उतरतं छप्पर, लाकडी खांब, शेजारी विहीर किंवा तळं. मुंबईची जामा मशीद तळ्यावर उभी आहे, आणि ती बांधणाऱ्यांत कोकणी मंडळी होती. आपल्या खानदेशाचंच बघा. तापीकाठी थाळनेरला फारुकी सुलतानांच्या कबरींवर घुमट आहेत खरे. पण याच फारुकींची बऱ्हाणपूरची जामा मशीद घ्या, जी सोळाव्या शतकाच्या अखेरीस राजा अली खानाने बांधली. समोर कमानींची लांबच लांब रांग, दोन टोकांना दोन उंच मनोरे, मधे मोठा घुमट नाहीच. मुसलमान म्हटला की घुमट, हे समीकरण बरंचसं इंग्रजांनी पक्कं केलं आणि आपण ते आनंदाने स्वीकारलं. मुंबईतल्या गुजराती बोहऱ्याला आणि राजापुरी-बाणकोटी कोकण्याला त्या इमारतीने सांगितलं की तुम्ही आग्र्याचे वारस आहात. उर्दूनेही थोडंफार हेच सांगितलं. एकजुटीसाठी ते उपयोगी होतं. पण त्यात एक गोष्ट बाहेर राहिली. मराठी.

बऱ्हाणपूरच्या त्या मशिदीत आत भिंतीवर दोन शिलालेख आहेत. एक अरबीत, दुसरा संस्कृतात. संस्कृत लेखात फारुकी राजांची वंशावळ आहे. मशिदीच्या आत, देवनागरीत. ज्याने कोरवून घेतला त्याला आपण काही विशेष करतोय असं वाटलंही नसेल. इथली प्रजा, इथली लिपी, इथला राजा. तीनशे वर्षांनी मुंबईत जेव्हा आपण पुन्हा मोठी इमारत बांधली तेव्हा दोन भाषांची जोडी बदलली होती. एक सत्तेची, एक ओळखीची. शेजाऱ्याची भाषा तिसरी झाली.

हा दोष मी बदरुद्दीन तय्यबजींवर टाकत नाही. त्यांच्यापुढचं काम वेगळं होतं, आणि माणूस केवढा मोठा ते आपल्याला पुरतं ठाऊक नाही. १८८७ मध्ये मद्रासच्या काँग्रेसचे ते अध्यक्ष झाले, तेव्हा सर सय्यद विरोधात असतानाही ते आपल्या मतावर ठाम राहिले. शाळेची इमारत उघडली त्याच वर्षी, ऑगस्ट १८९३ मध्ये, मुंबईत हिंदू-मुसलमानांची मोठी दंगल पेटली. पायधुणी तिथून कितीशी दूर? आणि चारच वर्षांनी, १८९७ मध्ये, लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा पहिला खटला झाला. जामिनाचा अर्ज आधी फेटाळला गेला होता. तो पुन्हा न्यायमूर्ती तय्यबजींपुढे आला आणि त्यांनी जामीन दिला. टिळकांच्या बाजूने अर्ज चालवणारे बॅरिस्टर दावर पुढे स्वतः न्यायाधीश झाले आणि १९०८ मध्ये त्यांनीच टिळकांना सहा वर्षांची शिक्षा ठोठावली, हा इतिहासाचा एक विचित्र फेरा. १८९७ चा तो जामीन मी दर वर्षी एक ऑगस्टला, टिळक पुण्यतिथीच्या भाषणात सांगतो. आमच्या मुलांना टिळक माहीत असतात, शेजारच्या मराठी शाळेतल्या मुलांनाही माहीत असतात. तय्यबजी दोन्हीकडे माहीत नसतात.

खानदेशात इंग्रजी आली तीही एका विचित्र वाटेने. १८१८ मध्ये इंग्रजांनी खानदेश घेतला आणि कॅप्टन जॉन ब्रिग्ज इथला अधिकारी झाला. मुख्य ठिकाण म्हणून त्याने धुळे निवडलं. हाच ब्रिग्ज पुढे फरिश्त्याच्या फारसी इतिहासाचा इंग्रजी अनुवादक म्हणून नावाजला. म्हणजे जो साहेब धुळ्यात बसून भिल्लांचे आणि महसुलाचे कागद पाहत होता, त्याला आपल्या बापजाद्यांपेक्षा चांगली फारसी येत होती. राज्य करायचं म्हणून तो आपली भाषा शिकला. साठ-सत्तर वर्षांनी आपण नोकरीसाठी त्याची भाषा शिकायला निघालो. भाषा शिकण्यात लाज कुणालाच नव्हती, गरज आधी कुणाला पडली एवढाच फरक.

हे सगळं आता लिहायचं कारण घरचं आहे. आमच्या शाळेचं जुनं प्रवेशद्वार पडायला झालं होतं. नवीन कमान बांधायची ठरली. मीटिंगला ठेकेदार मोबाइलवर नमुने घेऊन आला, सगळ्यांत तयार सिमेंटचे घुमट. तीन घुमटांचा एक भाव, पाच घुमटांचा दुसरा. मंडळातले एक ज्येष्ठ म्हणाले, "घुमट पाहिजेच. नाहीतर कसं कळणार आपली शाळा आहे?" मग पाटीचा विषय निघाला. इंग्रजी मोठी, उर्दू मोठी, आणि मराठी 'नियमापुरती' खाली बारीक. मी मराठीचा मास्तर. माझ्याकडे कुणी बघितलं नाही, बहुधा मुद्दामच.

मी म्हणालो, घुमटाला माझी हरकत नाही, बोरीबंदरसमोरच्या शाळेलाही आहेत. पण आपले बाप ज्या भाषेत सातबारा वाचतात आणि आपली पोरं ज्या भाषेत तहसीलदाराला अर्ज लिहिणार आहेत, ती पाटीवर बारीक का? मग बऱ्हाणपूरच्या शिलालेखाचा फोटो दाखवला. एकाने विचारलं, "मशिदीत संस्कृत? फोटो खरा आहे ना?" दुसरे म्हणाले, "हे सगळं बरोबर आहे सर, पण हल्ली लोक उर्दू शाळेतून पोरं काढून इंग्लिश मीडियमला घालतायत. पाटीवर इंग्रजी मोठी नसेल तर उद्या वर्गात बाकडी उरतील." यावर माझ्याकडे चटकन उत्तर नव्हतं. माझी स्वतःची धाकटी मुलगी सेमी-इंग्रजीला आहे, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. १८९० मध्ये त्या फुटपाथवर हाच वाद झाला असेल, फक्त लोक जास्त अदबीने बोलले असतील.

दोन तास चर्चा झाली. चहा दोनदा आला. शेवटी खर्च बघून घुमट एकच ठरला, मधोमध. पाटीचं 'सर, तुम्हीच बघा' म्हणून माझ्यावर सोडून दिलं, कंटाळून की मान्य होऊन ते मला अजून कळलेलं नाही.

परवा पेंटर आला. पत्र्यावर खडूने तीन ओळी आखल्या, सारख्या उंचीच्या. उर्दूची ओळ आमच्या खुशनवीस शिक्षकांनी कागदावर लिहून दिली होती. मराठीच्या ओळीपाशी पेंटर थांबला आणि म्हणाला, "सर, 'अँग्लो'वर चंद्रबिंदू नि मात्रा दोन्ही कुठे बसवू? जागा कमी पडते." मी खडू घेतला आणि त्याला काढून दाखवलं. आठवीतला तो मुलगा, आता नववीत गेलेला, मधल्या सुट्टीत तिथेच उभा होता. मी त्याला बोलावलं आणि म्हटलं, "तुझं उत्तर एक वर्ष उशिरा देतोय, बस इथे."